शनिवारचे घर

मनामा, शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७९

ती. अण्णा,

तुझ्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. पाकीट चिकटवायला तू भाताची शिते वापरतोस. राजापुराहून बहरीनपर्यंतच्या तीन आठवड्यांच्या प्रवासात या शितांचे काय होत असेल, याचा विचार एका सेवानिवृत्त तलाठ्याने करायला हवा होता. ती दगड होतात. कंपनीच्या पोस्टबॉक्समधून तुझे पाकीट हाती आले तेव्हा ते उघडायला मला स्टोअरमधून पटाशी आणावी लागली. पटाशीने पाकीट फाटले, आतली तुझ्या लेकीची लग्नपत्रिका फाटली आणि नवऱ्यामुलाचे आडनाव कायमचे गेले. चि. काशीला अनेक आशीर्वाद. ती कोणाची झाली ते कळव.

पत्रिकेवर तुझ्या हातचे एकही अक्षर नव्हते. पाकिटावर मात्र होते. अकरा वर्षांत तुझ्याकडून आलेला मजकूर तो एवढाच: माझे नाव आणि पोस्टबॉक्सचा नंबर. मी तो दोनदा वाचला. नंबर तुला कोणी दिला हे विचारत नाही. रत्नावहिनीला नमस्कार सांग.

आता मुद्दा. मला नानांची पाने हवीत.

तुला पंचनाम्याची भाषा लवकर कळते म्हणून तशीच लिहितो. सन १९६८, वैशाख. भांडी, पाट, विळ्या आणि हापूसची कलमे यांची वाटणी पुरी झाल्यावर लाल रुमालात बांधलेले एक बाड शिल्लक राहिले. मजकूर: आपले वडील पुण्यास कॉलेजात असताना, सन १९१० ते १३, त्यांनी मोडीत लिहिलेली रोजनिशी. पाने पोथीसारखी सुटी. तू म्हणालास, मी थोरला. मी म्हणालो, मी संस्कृत शिकलेला. दाजीमामा म्हणाले, "भांडता कशाला रे? समान वाटा करू!" आणि गंजिफा वाटाव्यात तशी त्यांनी पाने वाटली. एक तुला, एक मला. एक तुला, एक मला. त्रेसष्ट आणि त्रेसष्ट. आपण दोघे डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, पण ते एवढ्याचसाठी की दुसऱ्याला एक पान जास्त जाऊ नये. असा न्याय माकडानेही केला नसता. त्याने निदान लोणी खाल्ले असते.

माझा वाटा इतकी वर्षे ट्रंकेच्या तळाशी होता. गेल्या महिन्यात काढला. खोलीत आम्ही तिघे. लान्सी वसईचा, हॉटेलात रिसेप्शनवर असतो. रावजी खेडचा, कंपनीची पिकअप चालवतो. शुक्रवारी सुटी, बाहेर वारा, पत्ते खेळून कंटाळा आलेला. मी दोन पाने वाचून दाखवली. नाना लिहितात की कॉलेजात उघड्या डोक्याने जाण्याची सोय नव्हती, आणि त्यांच्या खोलीतल्या तिघांत मिळून पागोटे होते एक. पहिल्या तासाला नाना, दुसऱ्याला नारायण, तिसऱ्याला तो सोलापूरचा गडी. व्हरांड्याच्या खांबामागे अदलाबदल. एके दिवशी इंग्रज प्रोफेसराने बोलावून विचारले, "तुम्हां तिघांचे डोके एकाच मापाचे कसे?" त्यावर नाना उत्तर देतात

आणि पान संपते. उत्तर तुझ्याकडे आहे.

लान्सी चिडला. "शास्त्रीबुवा, हा काय चीटिंगपणा? पुढे काय झाला?" रावजीने तर बिडी विझवली. तेव्हापासून दर शुक्रवारी हेच. मी अर्धे वाचतो आणि उरलेले लान्सी रचतो. त्याच्या मते जिथे जिथे पान नाही तिथे तिथे मुलगी आहे.

ही गंमत झाली. पण मी चौपन्नाचा, तू साठीचा. माझ्यामागे कोणी नाही, आणि तुझ्या मुलांना मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. आपण दोघे आहोत तोवरच ही पाने एकमेकांना लागू शकतात. मी ती जुळवून बाळबोधीत उतरवणार आहे. हट्ट म्हण, वेड म्हण. तुझी त्रेसष्ट पाने रजिस्टरने एकदम पाठव. उतरवून परत करीन.

तुझा
शंभू

मनामा, २० एप्रिल १९७९

ती. अण्णा,

एक पान आले. त्रेसष्टांपैकी एक. सोबत चिठ्ठी नाही, आशीर्वाद नाही, शिते मात्र आहेत. याला मी दान म्हणू की नमुना?

तरीही उत्तर कळले. नाना प्रोफेसराला म्हणाले, "साहेब, डोकी निराळी आहेत. दारिद्र्य एका मापाचे आहे." साहेब हसला नाही. त्याने हजेरीच्या वहीत काहीतरी लिहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटे जास्त सोडू लागला. लान्सीने टाळी वाजवली. मुलगी नाही म्हणून थोडा खट्टू झाला, पण "फादर भारी माणूस" असे प्रमाणपत्र त्याने दिले.

तुझी चाल मला कळली आहे. मी एक नक्कल पाठवीन तेव्हा तू एक पान पाठवशील. सातबाराचा उतारासुद्धा तू असाच द्यायचास. ठीक आहे. सोबत माझ्या पहिल्या पानाची नक्कल. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याची पोस्टात टाकतो. या गतीने काम पुरे व्हायला तीन-चार वर्षे लागतील. मला घाई नाही असे नाही, पण मी थकणारही नाही.

माझ्या वाट्यात बहुतेक जेवणाचे वर्णन आले आहे, हा दाजीमामांचा विनोद असावा. नाना वारावर जेवत. लान्सीला समजावून सांगावे लागले: गरीब विद्यार्थ्याने सात घरे धरायची, सोमवारचे एक, मंगळवारचे एक, आणि त्या त्या वारी त्या त्या घरी पंक्तीला बसायचे. लान्सी म्हणाला, "म्हणजे हॉटेलचा रोस्टर." बरोबर. सोमवारी वकिलांकडे आमटी पातळ. बुधवारी वैद्यांकडे जेवण उत्तम, पण आधी जीभ दाखवावी लागे. गुरुवारी गंगूबाई नावाच्या एका विधवा बाईंकडे. त्या मागून एक भाकरी फडक्यात बांधून देत.

एक पान मी खोलीत वाचले नाही. शाई उडाली आहे म्हणून सांगितले.

मी अजून शनिवार पाळतो, हे तुला आवडेल. इथे शुक्रवारची सुटी संपून शनिवारी आठवडा उघडतो. सगळे जण ताजेतवाने येतात आणि मी उपाशी. कंपनीचा इजिप्तचा मॅनेजर मला दर शनिवारी चहा विचारतो आणि मी दर शनिवारी नाही म्हणतो. त्याची समजूत अशी की मला त्याचा राग आहे.

शंभू

मनामा, ३१ ऑगस्ट १९७९

ती. अण्णा,

तुझी सहा पाने आली. आजचे पत्र मात्र पानांबद्दल नाही, किंवा फक्त एका पानाबद्दल आहे.

रत्नावहिनीचे पत्र आले. तिच्यावर रागावू नकोस. मी सांगितले म्हणून तिने लिहिले नाही, घाबरली म्हणून लिहिले. तुला साखरेचा विकार होऊन तीन वर्षे झाली हे मला आज कळते आहे. आषाढात तू पायरीवर कोसळलास. वार शनिवार. डॉक्टरांनी बजावले होते, गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही. तू गोळीही घेतलीस आणि उपासही केलास. म्हणजे डॉक्टरांचे अर्धे ऐकलेस आणि मारुतीचे पूर्ण. त्यानंतर आणखी दोनदा घेरी आली, दोन्ही शनिवारीच. वहिनी लिहिते की तू लाल रुमाल सोडून एक पान काढतोस आणि तिच्यापुढे धरतोस: "नानांच्या हातचे आहे. वाच." तिला मोडी येत नाही हे तुला ठाऊक असते.

त्या पानात काय आहे ते तिने तुझ्या तोंडून ऐकून लिहिले आहे: "शनिवार मी निराहार राहतो. मारुतीस वाहिला आहे. देह असेतो पाळीन."

अण्णा, आपण मुंज झाल्यापासून शनिवार धरला तो नाना धरत म्हणून. त्यांनी आपल्याला कधी धरा म्हटले नाही, सोडा म्हटले नाही. तुझ्याकडे लेखी पुरावा आहे हे मला माहीत नव्हते. तलाठ्यापुढे लेखी पुरावा आला की देवही हरतो.

पण माझ्याकडे त्याच्या आधीचे पान असावे असा मला संशय आहे. तू तुझे पान पाठव, मूळचे. इतर पाने राहू देत. आणि ते येईपर्यंत दर शनिवारी निदान पेज घे. पेज म्हणजे जेवण नव्हे, असा अर्थ लावून देणारा शास्त्री हवा असेल तर मी आहे.

माझे ते आधीचे पान (शाई उडालेले नव्हे) मी खोलीत वाचले. लान्सी म्हणाला, "आता इथे मुलगी शंभर टक्के." मग रावजी म्हणाला, "तात्या, रागवू नका. माझा पैला म्हयना हितं पगार नव्हता. बरोबरचे पठान जेवाया बसले की बोलवायचे. रोज रोज कसां जायचां? मी त्यांना सांगितलां, माजा उपास हाय. त्यांनी माज्या पाया पडायचां बाकी ठेवलंनी."

मी त्याला म्हटले, गप्प बस. नंतर चहा करून दिला.

शंभू

मनामा, १९ ऑक्टोबर १९७९

ती. अण्णा,

पान आले. या खेपेला शिते कमी होती. घाईत पाठवलेस ना?

मी दोन्ही पाने टेबलावर शेजारी ठेवली आहेत. शाई एक, टाक एक, उजवीकडच्या कोपऱ्यातला तेलाचा डाग दोन्हींवर आरपार आहे. तुझी खात्री व्हावी म्हणून डागाचा आकारही खाली काढून पाठवतो. माझे पान असे संपते:

"एकंदर सहा घरे जाहली. शनिवारचे घर काही केल्या मिळेना. महिना दोन महिने कोणास कळू दिले नाही. जेवणाचे वेळी नदीवर जाऊन बसे व पाणी पिऊन परत येई. आज नारायणाने पाहिले व सर्वांदेखत विचारले, आज कोणाकडे जेवलास. मजला फार लाज वाटली. सबब मी त्यास म्हणालो, की"

तुझे पान असे सुरू होते:

"शनिवार मी निराहार राहतो. मारुतीस वाहिला आहे. देह असेतो पाळीन. तेणेकरून सर्व स्वस्थ जाहले. दुसरे दिवशी भूमितीचा तास..."

हा तुझा लेखी पुरावा.

व्रत नव्हते, अण्णा. एकोणीस वर्षांच्या मुलाने चारचौघांत भूक लपवायला मारलेली थाप होती. तिचे तोंड माझ्याकडे आले, शेपूट तुझ्याकडे. तू अकरा वर्षे शेपटाची पूजा केलीस आणि मी नुसत्या सवयीने उपाशी राहिलो. दाजीमामांनी त्या दिवशी एक पान उलटसुलट वाटले असते, तर तुला आषाढात घेरी आली नसती.

रावजीला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "मंग! घर नव्हतां म्हनून उपास. द्येवाला कशाला मधी आनलां?" लान्सी क्रॉस करून उठला आणि बाहेर गेला.

आज शुक्रवार, उद्या शनिवार आहे. उद्या मी जेवणार. माझ्या आयुष्यातला चाळीस-बेचाळीस वर्षांनंतरचा पहिला जेवणाचा शनिवार. मॅनेजर चहा विचारील तेव्हा हो म्हणणार आहे. त्याला काही झाले तर जबाबदारी नानांची. तूही उद्या जेव. हे पत्र तुला उद्या मिळणार नाही, हे मला कळते. ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी जेव.

शंभू

ता. क. शनिवार, दुपार. जेवलो. लान्सीने हॉटेलातून वरण करून आणले, त्यात लसूण जास्त. रावजीचा भात. पत्र आता बंद करतो.

मनामा, १४ डिसेंबर १९७९

ती. अण्णा,

तुझे पत्र. पत्र! चार ओळींचे, पण पत्र. अकरा वर्षांचे मौन तू वाद घालण्यासाठी सोडलेस, हे आपल्या घराण्याला शोभून दिसते.

तू लिहितोस: "थाप असेल. पण पुढे चाळीस वर्षे पाळली ती थाप नव्हे. आरंभ कसा झाला याने व्रत खोटे ठरत नाही. मी जेवणार नाही."

पूर्वपक्ष बळकट आहे. मी आठ दिवस त्यावर विचार केला. उत्तर देण्याआधी मला एक कबुली द्यावी लागेल.

शाई उडालेले ते पान आठवते? शाई उडालेली नाही. ठळक आहे. ते मी अकरा वर्षे कोणाला दाखवले नाही, कारण त्यात नानांनी शनिवार मोडला आहे असे मला वाटे. तू लिहितोस ते व्रत मीही खरेच समजत होतो, आणि बापाचा व्रतभंग धाकट्या मुलाने झाकायचा असतो अशी माझी समजूत होती. संस्कृत शिकून एवढेच आले. नक्कल देतो:

"गंगूबाईंनी मजला शनिवारी सार्वजनिक नळावर पाणी पिताना पाहिले. हात धरून घरी नेले. मी म्हणालो, माझा उपवास आहे. त्या म्हणाल्या, 'मेल्या, मी विधवा बाई, उपवास मला शिकवतोस? उपाशी माणसाचं तोंड वेगळं असतं.' ताट वाढले. मी जेवलो. दोन वेळा भात घेतला. त्या म्हणाल्या, आजपासून शनिवार माझा. परत येताना रस्ताभर रडू येत होते, ते का हे कळत नाही."

तेव्हा नानांनी व्रत चाळीस वर्षे अखंड पाळले हे तुझे म्हणणे पुराव्यात टिकत नाही. कॉलेजातले पुढचे दीड वर्ष ते दर शनिवारी जेवत होते.

मग आपल्या घरी उपास का? हे कोणत्याच पानात नाही, कारण रोजनिशी पुण्यात संपते. पण तू थोरला आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवायला हवे. नाना शाळेवर मास्तर. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्यांच्याबरोबर कोण यायचे? दर वर्षी निराळा कोणीतरी, पलीकडच्या वाड्यांतून चालत येणारा. आई म्हणायची, "आज तुमचा पाहुणा आला का?" तो नानांच्या पाटावर बसायचा. नानांच्या ताटात जेवायचा. आणि नाना ओटीवर सुपारी कातरत बसायचे, म्हणायचे, माझा उपास आहे.

मास्तरच्या पगारात एक ताट जास्त होत नव्हते, अण्णा. ते आपले ताट देत होते. आपण फक्त रिकामे बसणे पाहिले आणि तेवढेच उचलले.

व्रत पाळायचे असेल तर ते पाळ. शनिवारी कोणाला तरी जेवायला बोलाव, हायस्कुलात जाणारी ढीगभर पोरे आहेत. तुझ्या घरी आता एक ताट जास्तीचे होते. त्याच्या शेजारी तू पाट मांड आणि जेव. यावर काही उत्तरपक्ष असेल तर कळव. नसेल तर वहिनीला भाताचे आधण ठेवायला सांग.

शंभू

मनामा, २२ फेब्रुवारी १९८०

ती. अण्णा,

काल तुझे पाकीट आले. पटाशीशिवाय उघडले, वाफेवर धरले की शिते सुटतात, हा शोध लान्सीचा.

तू लिहितोस की गेले तीन शनिवार सुताराचा मुलगा जेवायला येतो आणि तू त्याच्या पंक्तीला बसतोस, "फक्त त्याला संकोच वाटू नये म्हणून." बरे. नानांचा मुलगा शोभतोस. रावजीला सांगितले तर तो म्हणाला, "तात्या, आता म्हाताऱ्याला इचारू नका परत, नायतर सोडंल."

पण त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिली आहेस: "माझ्याकडची सर्व पाने बांधून ठेवली आहेत. एकदम रजिस्टरने पाठवतो. तू म्हणत होतास तशी. आता घेऊन टाक."

पाठवू नकोस.

मीच मागितली होती, रजिस्टरने, एकदम, हे मला आठवते. मी रजा टाकली आहे. मे महिन्यात महिनाभर मिळते आहे. मंजुरीची सही व्हायची आहे, पण झाली नाही तर मी ती करवून घेईन. माझी त्रेसष्ट पाने घेऊन मी तिकडे येतो. ओटीवर बसून एक तुझे, एक माझे, असे परत लावू. दाजीमामा नाहीत, तेव्हा भांडण मिटवायलाही कोणी नसेल. आपले आपण पाहू. तोवर पूर्वीसारखेच चालू दे. महिन्याला एक-दोन पाने.

कारण विचारशील म्हणून सांगतो. आजवर थट्टेवारी नेत आलो. आता सरळ लिहितो.

दर पंधरा दिवसांनी मी पोस्टबॉक्स उघडतो, तेव्हा पान आले का हे बघत नाही. पाकिटावर तुझे अक्षर आहे का आणि त्याला शिते आहेत का, ते बघतो. ती असली म्हणजे त्या दिवसापर्यंत तू होतास. मला भीती वाटते ती एका जाड पाकिटाची: आत सगळी पाने नीट बांधलेली, पाकीट डिंकाने चिकटवलेले आणि पत्ता दुसऱ्या कोणाच्या अक्षरात.

शंभू